कृतज्ञतेची साक्ष

लहान मुलांना शिस्त कशी लावावी या विषयावर चार जाणती माणसे बोलू लागली, की एक साक्षीदार हटकून उभा राहतो. 'आम्ही लहानपणी मार खाल्ला, म्हणून माणसांत आलो,' असे तो म्हणतो. हा साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याच्या स्वरात तक्रार नसते. उलट, ज्या वडिलांनी अथवा मास्तरांनी हात उगारला त्यांच्याविषयी एक ओलावाच असतो. शिवाय तो स्वतः बहुधा सज्जन, कष्टाळू, शब्दाला जागणारा गृहस्थ असतो. त्यामुळे त्याची साक्ष खोडून काढणे जड जाते. ज्याने सोसले तोच सोसण्याचे समर्थन करीत असेल, तर तिऱ्हाइताने त्याच्या वतीने गाऱ्हाणे मांडण्यात काय अर्थ, असे वाटून चर्चा तेथेच थांबते.

प्रस्तुत लेखात मला या साक्षीचीच उलटतपासणी करावयाची आहे. तीन ते सहा या वयातील मुलांच्या बाबतीत ती विशेष अगत्याची आहे. या वयाच्या मुलाला कारण सांगता येते, पण ते त्याला उमगेलच असे नाही. त्याला नियम घालता येतो, पण त्या नियमाला त्याची संमती घेता येत नाही. मग त्याच्यावर चालवलेल्या सत्तेला आधार कशाचा? बहुतेक समाजांनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले दिसते: आज तो रडेल, पण मोठेपणी उपकार मानील. उद्याच्या संमतीच्या तारणावर आजची सत्ता उसनी घेतली जाते. यातली अडचण अशी, की जो उद्या संमती देणार आहे त्याला घडवण्याचे काम याच सत्तेने आज चालवलेले असते. खटल्यातील एका पक्षाने न्यायाधीश नेमावा, आणि मग त्याच्याच निकालाचा हवाला द्यावा, तसे हे होते.

आपल्या भाषेत या सत्तेला निरनिराळी नावे आहेत, आणि ती सारखी नाहीत. 'शिस्त' हा शब्द फारसीतून आला. बंदुकीचा नेम, सरळ रेघ हे त्याचे जुने अर्थ. पलटणीत आणि कवायतीच्या मैदानावर तो शोभतो. घरातला शब्द 'वळण'. वळण रस्त्याला असते, अक्षराला असते, पाटाच्या पाण्याला असते. पाण्याला वळण देणारा शेतकरी पाण्याशी भांडत नाही. तो उतार पाहतो आणि हळूच बांध मोकळा करतो. हा शब्द वापरणाऱ्या पिढ्यांनी मुलांना मारले नाही असे मुळीच नाही; पण पाण्याच्या अंगच्या ओघाला मान दिल्यावाचून वळण देता येत नाही, एवढी जाण त्या शब्दात आहे. तिसरा शब्द 'धाक'. 'घरात कोणाचा तरी धाक हवा' हे वाक्य मराठी घरांतून पिढ्यान्पिढ्या ऐकू येत आले आहे. धाक म्हणजे न मारताही माराची हजेरी. ज्या घरात कधीच हात उगारला जात नाही असे अभिमानाने सांगितले जाते, त्या घरातही धाक असू शकतो. आणि म्हणूनच 'मारता की नाही' या एका प्रश्नाने फारसे काही कळत नाही.

कृतज्ञतेच्या साक्षीचे मराठीतील सर्वांत हृद्य उदाहरण साने गुरुजींचे आहे. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. पोहायला जाण्याची भीती वाटून दडून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीकडे धाडते. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, हे तिचे कारण. मोठा झालेला श्याम ही हकीकत सांगतो तेव्हा त्यात राग नाही. आहे ती भरून आलेली कृतज्ञता. श्याम तेव्हा शाळकरी वयाचा होता, आपल्या विषयातील मुलांपेक्षा मोठा. परंतु आपल्या समाजाने त्या प्रकरणातून जो बोध घेतला तो सर्व वयांना लावला. माझ्या मते त्या प्रकरणात खरोखर मोलाची गोष्ट शिंपटी नाही. मारल्यानंतर आईला वाईट वाटते आणि आपण का मारले हे ती मुलाला सांगते, ही आहे. ती आपल्या कृत्याचा मुलापुढे जबाब देते. वाचकांनी मात्र शिंपटी लक्षात ठेवली आणि जबाब विसरून गेले.

हा विसर केवळ आपल्याकडचा नाही. शासनाला प्रजेची संमती हवी हा विचार ज्याच्या नावाशी जोडला गेला आहे, त्या जॉन लॉकने १६९३ मध्ये शिक्षणविषयक विचारांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो सामान्यतः माराच्या विरोधातच आहे. छडीने गुलामी वृत्ती तयार होते, मुलाला मानाची आणि लाजेची चाड लावावी, असे त्याचे म्हणणे. परंतु हट्ट किंवा उघड अवज्ञा हा त्याने अपवाद ठेवला. त्याच्या ओळखीच्या एका बाईने, दाईकडून नुकत्याच घरी आलेल्या आपल्या चिमुरड्या मुलीला एकाच सकाळी ओळीने आठ वेळा फटके दिले, तेव्हा कुठे तिचा हट्ट मोडला, ही हकीकत तो पसंतीने सांगतो. सातव्या खेपेला आई थांबली असती तर मुलगी कायमची बिघडली असती, असा त्याचा निर्वाळा आहे; आणि पुरावा काय, तर पुढे ती मुलगी अत्यंत आज्ञाधारक निघाली. राजाच्या अधिकाराला संमतीची कसोटी लावणाऱ्या विचारवंताला, परक्या बाईच्या दुधावर वाढून एका अनोळखी घरात आणून ठेवलेल्या बालिकेच्या रडण्यात नकार ऐकू आला नाही, फक्त हट्ट ऐकू आला. संमतीचा विचार ज्या वयाच्या उंबऱ्याशी थांबतो तेथे तो किती झपाट्याने थांबतो, हे यावरून दिसते.

आपली परंपरा या बाबतीत अधिक उदार होती असे म्हणण्याचा मोह होतो, आणि त्याला थोडा आधारही आहे. चाणक्याच्या नावावर चालणारे एक प्रसिद्ध नीतिवचन सांगते, की पाच वर्षे मुलाचे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागताच त्याला मित्र मानावे. मनुस्मृतीने पुत्र आणि शिष्य यांना शिक्षणासाठी मारण्याची मुभा दिली आहे, पण दोरीने वा वेळूच्या कांबीने, आणि तेही पाठीवर, मस्तकावर नव्हे, अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे ज्या वयाविषयी आपण बोलत आहोत त्याचा बराचसा भाग वचनकर्त्याने ताडनातून सोडवलेला आहे. प्रत्यक्षात काय? ज्या मुलाला मारावयाचे नाही त्याला भिववण्याची एक सबंध पलटण आपण उभी केली. बागुलबुवा, झोळीवाला, पोलीस, सुई टोचणारा डॉक्टर. 'तुला बोहारणीला देऊन टाकीन' ही धमकी, आणि तिचीच गोड बहीण म्हणजे 'तुला आम्ही जुन्या लुगड्यावर बोहारणीकडून घेतले' ही थट्टा. सारे घर त्यावर हसते. ज्याच्याविषयी हसते तो एकटाच हसत नाही.

आजचा कायदाही या वयापाशी येऊन अडखळतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. पण त्या कायद्याच्या व्याख्येतले 'बालक' सहा ते चौदा वर्षांचे आहे. बालवाडीतले साडेतीन वर्षांचे मूल त्या व्याख्येच्या बाहेर उभे राहते. घराच्या बाबतीत, जुन्या दंडसंहितेचे कलम ८९ बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण देत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच संरक्षण कलम २७ म्हणून चालू आहे. त्याला मर्यादा आहेत. परंतु 'हित' आणि 'सद्भावना' या दोन्ही गोष्टी ठरवताना मुलाचे मत कोठेच येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक समाजाची मुले वाढवण्याची आपापली रीत असते; बाहेरच्याने तिला माप लावू नये. हा आक्षेप सभ्य आहे आणि मानवशास्त्राने त्याला प्रतिष्ठा दिली आहे. त्याचा विचार करण्यासाठी एका गाजलेल्या अभ्यासाकडे वळणे सोयीचे होईल. जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डॅना डेव्हिडसन यांनी जपानमधील क्योतो, चीनमधील कुनमिंग आणि अमेरिकेतील होनोलुलू येथील एकेका बालशाळेतील एका दिवसाचे चित्रीकरण केले, आणि ते तिन्ही देशांतील शिक्षकांना व पालकांना दाखवून त्यांची मते टिपली. १९८९ मध्ये हे काम पुस्तकरूपाने आले.

क्योतोची शाळा एका बौद्ध मंदिराशी निगडित होती. तेथील चित्रीकरणात चार वर्षांचा एक मुलगा वर्गाला अक्षरशः वेठीस धरतो. इतर मुले काम करीत असताना मोठ्याने गातो, अचकट विचकट चाळे करतो, मारामारी करतो, चित्रांचे पत्ते सज्जावरून खाली भिरकावतो. मुले शिक्षिकेकडे तक्रार घेऊन येतात. तीसेक मुलांमागे ती एकटी आहे. तरी ती उठत नाही. तुम्हीच त्याचे काही करा, असे ती तक्रार करणाऱ्यांना सांगते. तो दुसऱ्या एका मुलाच्या हातावर पाय देतो. तो मुलगा रडू लागतो, आणि त्याला बाजूला नेऊन समजावण्याचे काम एक चिमुरडी मुलगी करते. अमेरिकन प्रेक्षकांना हा उघड निष्काळजीपणा वाटला. चिनी प्रेक्षकांनाही बाईंनी मुलाला असे सोडून देणे पसंत पडले नाही. शाळेचे म्हणणे वेगळे होते. मोठ्यांनी मध्ये पडून मुलाला गटापासून तोडू नये. आपल्या वागण्याचा परिणाम त्याला सोबत्यांच्या चेहऱ्यावर वाचता यावा. आणि सोबत्यांनाही अवघड माणसाबरोबर राहण्याचा अभ्यास घडावा. नजर ठेवून स्वस्थ बसणे यासाठी जपानीत 'मिमामोरु' असे क्रियापद आहे. आणखी एक बारकावा मोठा बोलका आहे. अमेरिकन प्रेक्षकांना वाटले, की हा मुलगा हुशार असून वर्गात कंटाळत असावा. जपानी शिक्षकांना हा तर्कच कळेना. हुशार असता तर वागायचे कसे हे त्याला समजले नसते का, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता.

हे वाचून प्रथम मन प्रसन्न होते. हात नाही, आवाज नाही, धाकही दिसत नाही. पण मग ज्याच्या हातावर पाय पडला त्या मुलाची आठवण होते. बाईंच्या संयमाची किंमत त्या घटकेला त्याने मोजली. शिक्षा करण्याचे काम मोठ्याने सोडले म्हणजे ते नाहीसे होत नाही. ते गटाकडे जाते, आणि गट नेहमी कनवाळूच असतो असे नाही. जपानमधील शाळांतून एकाला वाळीत टाकून सर्वांनी छळण्याचा 'इजिमे' हा प्रकार सार्वजनिक चिंतेचा विषय झालेला आहे. बालशाळेतली नजर आणि थोरल्या शाळेतली ती झुंड यांचा संबंध सरळ जोडणे अन्यायाचे होईल. पण लोकांच्या नजरेने मूल घडवावयाचे, तर ती नजर कोणाची, याची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे.

कुनमिंगची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. समोर ठेवलेल्या चित्राप्रमाणे मुलांनी ठोकळे रचावयाचे, बाईंनी तपासावयाचे, चुकल्यास पुन्हा. आणि शौचालास जाणेसुद्धा सर्वांनी मिळून. चिनी भाषेत 'गुआन' या शब्दात ताबा ठेवणे आणि काळजी घेणे हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत, आणि एकुलत्या एका अपत्याच्या धोरणाच्या त्या काळात लाडावलेल्या मुलाला माणसांत आणणे हे शाळेचे काम मानले जात होते. होनोलुलूमध्ये सारा भर शब्दांवर. हाताने मारू नकोस, तोंडाने सांग. खेळ आवरायला नकार देणाऱ्या मुलापुढे दोन पर्याय: खेळ आवर, किंवा बाजूच्या खुर्चीवर जाऊन बस आणि तयार झालास की ये. मला कबूल केले पाहिजे, की या दोहोंत कुनमिंगची आज्ञा मला एका अर्थी अधिक सरळ वाटते. 'हे कर' असे म्हणणारा मोठा माणूस आपली सत्ता झाकत नाही. 'यातले काय हवे ते निवड' म्हणणारा मात्र दोन्ही पर्याय स्वतःच ठरवतो आणि निवडीचा भार मुलावर टाकतो. खुर्चीवर बसलेल्या मुलाला आपण शिक्षा भोगतो आहोत एवढे तरी म्हणता यायला हवे. ती त्याचीच निवड ठरल्यामुळे तेही म्हणता येत नाही.

आता रीतींच्या आक्षेपाकडे. टोबिन दोन नव्या सहकाऱ्यांसह पुन्हा त्याच शाळांकडे गेले. २००२ च्या सुमाराचे ते चित्रीकरण २००९ मध्ये पुस्तकात आले. क्योतोत फारसा पालट नव्हता. कुनमिंगच्या त्याच शाळेत मात्र मुले आपापले खेळ निवडत होती. एका पिढीच्या आत 'चिनी रीत' म्हणून जे सांगितले गेले ते बदलले. स्वीडनमध्येही एके काळी मुलांना मारणे हा आईबापांचा हक्कच समजला जाई. १९७९ मध्ये त्या देशाने घरातही मारण्यास कायद्याने बंदी केली, आणि ही बातमी घरोघरी पोचावी म्हणून दुधाच्या पुड्यांवर छापली. आज अशी बंदी करणारे देश साठांहून अधिक आहेत. नेपाळने ती २०१८ मध्ये केली, आणि खुद्द जपानने आईबापांच्या माराला २०२० मध्ये कायद्याने मना केले. संस्कृती ही अचल वस्तू असती, तर हे घडते ना. प्रत्येक समाजात रीतीच्या बाजूने बोलणारे असतात तसे तिच्याशी वाद घालणारेही असतात. आणि त्या वादात सहसा ज्याचे ऐकले जात नाही असा एक पक्ष तीन फूट उंचीचा असतो.

या सर्वांपेक्षा मला अधिक विचारात पाडले ते उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांनी. जीन ब्रिग्ज ही मानवशास्त्रज्ञ स्त्री १९६३ ते १९६५ या काळात कॅनडाच्या उत्तर टोकाला, बॅक नदीच्या मुखाशी राहणाऱ्या एका छोट्या समूहात एका कुटुंबाची मानलेली मुलगी होऊन राहिली. 'नेव्हर इन अँगर' हे तिचे पुस्तक १९७० चे. त्या लोकांत मोठ्या माणसाने रागावणे हेच लहानपणाचे लक्षण समजत. मुलाला 'इहुमा', म्हणजे समज, नसते. ती वयाबरोबर आपोआप वाढते. मग ज्याला समज नाही त्याच्यावर चिडणारा स्वतः समजदार कसा? तीन वर्षांचे मूल किंचाळले, आईला मारू लागले, तरी कोणी आवाज चढवीत नसे. परक्या प्रवाशांनी त्या लोकांची होडी वापरण्यावरून ब्रिग्ज एकदा त्या प्रवाशांवर भडकली. तिचा राग तिच्या यजमानांच्याच बाजूने होता. तरी त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी तिला सौजन्याने, पण निश्चितपणे, दूर ठेवले.

मग मुले शिकत कशी? पुढे बॅफिन बेटावरील एका वस्तीत ब्रिग्जने तीन वर्षांच्या एका मुलीचा अभ्यास केला. त्यावरचे पुस्तक १९९८ मध्ये निघाले. मोठी माणसे त्या मुलीशी एक खेळ खेळत. हसत हसत ते तिला विचारीत: तू तुझ्या धाकट्या भावाला मारून का टाकत नाहीस? तू मरत का नाहीस, म्हणजे तुझा नवा अंगरखा मला मिळेल? आई खरेच तुझी आहे का? प्रश्न भयंकर आहेत. पण ते मुलाच्या मनात आधीच असलेल्या मत्सराला, भीतीला, मायेला शब्द देतात, आणि उत्तर मात्र देत नाहीत. मुलगी गोंधळते, रडकुंडीला येते, एखाद्या दिवशी ठाम नकार देते. आणि तिला खेळ समजला की मोठी माणसे तो प्रश्न विचारणे सोडून देतात.

आपल्या बोहारणीच्या थट्टेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हींत तोच घाव आहे: तू आमचा नाहीस. फरक कोठे आहे? इनुइट घरात मुलाच्या उत्तराची वाट पाहिली जाते. उत्तर बदलले की खेळ बदलतो. आपल्याकडे थट्टा मुलाच्या रडण्यापाशी संपते. रडणे हेच तिचे साध्य असते. ब्रिग्जने इनुइट रीतीचे गोडवे गायलेले नाहीत. त्या मुलीची भीती तिने लपवलेली नाही, आणि ती आपणही लपवू नये. परंतु एक माप येथे हाती लागते. मारले की नाही, रागावले की नाही, याआधी असे विचारता येईल: या रीतीत मुलाच्या उत्तराला जागा आहे काय? ते उत्तर शब्दांत असेल, रडण्यात असेल, पाठ फिरवण्यात असेल. मोठ्या माणसाचे पुढचे पाऊल त्या उत्तराने बदलू शकते काय? मराठीत बिघडलेल्या मुलाचे मुख्य लक्षण 'उलट बोलतो' हे सांगतात. 'बोलतो' हे क्रियापदच तेथे आरोप होऊन बसले आहे.

अर्थात हे माप काही तारतम्यानेच वापरले पाहिजे. रस्त्यावर धावत सुटलेल्या मुलाच्या उत्तराची वाट कोणी पाहत नाही, पाहू नये. आणि प्रेमाने वाढवलेला मुलगाही मोठेपणी आपल्या आईबापांचीच बाजू घेतो, म्हणजे त्याचीही साक्ष तितकीच घडवलेली, हे मान्य करावे लागेल. साक्षीवरून मार वा माया यांपैकी कशाचेच समर्थन होत नाही. म्हणूनच साक्ष बाजूला ठेवून, त्या त्या क्षणी मुलापाशी काय शिल्लक राहते ते पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

या दृष्टीने आपल्या परंपरेतील एक कथा नीतिवचनांपेक्षा अधिक शहाणी आहे. भागवताच्या दशम स्कंधात यशोदा लोण्याची चोरी करणाऱ्या कृष्णामागे काठी घेऊन धावते. तो सापडतो, डोळे चोळीत रडू लागतो. मूल घाबरले आहे हे पाहून ती काठी टाकून देते. शिक्षा सोडत नाही. त्याला उखळाशी बांधू लागते. दावे दोन बोटे कमी पडते. ती दुसरे जोडते, तेही दोन बोटे कमी. घरातली सारी दावी संपतात, ती घामाघूम होते, केसांतली फुले गळतात. आणि आई थकली हे पाहून मूल स्वतःला बांधू देते. भक्तांनी यात ईश्वराची कृपा पाहिली. मी येथे फक्त आई आणि मूल पाहतो. मुलाचे भय पाहून तिच्या हातातील वस्तू बदलली. तिचे श्रम पाहून त्याचा नकार विरघळला. दोन बोटांचे ते अंतर घरातल्या कोणत्याही दोरीने भरून निघाले नाही.

बालशिक्षणाच्या इतिहासात या दोन बोटांचा विचार करणारी माणसे थोडी आहेत. मारिया मॉन्टेसोरीने बक्षीस आणि शिक्षा दोन्ही निरुपयोगी ठरवली. तिच्या एका शाळेत शिक्षिकेने चांगल्या वागणुकीसाठी रुपेरी क्रूस बनवले होते. एक मुलगा शिक्षा म्हणून खुर्चीवर बसलेला, आणि छातीवर क्रूस! चौकशी करता कळले, की तो क्रूस कामात गढून गेलेल्या दुसऱ्या मुलाच्या अंगावरून पडला. त्याला त्याची पर्वा नव्हती, म्हणून शिक्षा झालेल्याने तो मागून लावला आणि समाधानाने बसून राहिला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. या मंडळींचे मारविरोधी लेखन पुष्कळ आहे. तथापि मला अधिक बोलकी वाटते ती ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या ग्रामीण बालशिक्षणाची कथा.

बोर्डीत गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. घरी धाकटे भावंड सांभाळावे लागे, रानात गुरे न्यावी लागत; आणि येण्याचे बंधन कोणावरच नव्हते. ज्या शाळेत न येण्याची मुलाला मोकळीक आहे तेथे वर्गाबाहेर उभे करण्याची शिक्षा हास्यास्पद ठरते. मूल सरळ घरी जाईल. येथे मुलाचा नकार त्याच्या पायांत होता आणि तो ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. मग शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. पुढे कोसबाडला गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा भरली ती कुरणावरच. या बायांनी मुलांना आंघोळी घातल्या, नखे कापली, रांगेत बसायला शिकवले. म्हणजे वळण लावलेच. पण उद्या मूल येणार की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज संध्याकाळी उभा असे.

आजच्या शहरी बालवाडीपुढे तो प्रश्न नाही. प्रवेशासाठी रांगा आहेत, शुल्क आगाऊ भरलेले आहे, फाटकाला कडी आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा कोणत्याही फाटकाबाहेर उभे राहिले तर आतला आक्रोश रस्त्यापर्यंत ऐकू येतो. बाई अनुभवी असतात. आईला त्या धीर देतात, की दोन दिवस रडेल, मग गप्प होईल. आणि तसेच होते. तिसऱ्या आठवड्यात साडेतीन वर्षांची वीस-पंचवीस मुले हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली असतात. मूल रुळले, असे दोन्हीकडून म्हटले जाते. त्या गप्प होण्याचा अर्थ काय, हे त्या मुलांना कोणी विचारलेले नसते. आणि पुढे कधी विचारले, तर त्यांना तो आठवत नाही.